तीन डॉलर आणि दोन फुटांची टाकी

वाचकाचं पत्र :

"दीड वर्षापूर्वी माझ्या मुलाने हौसेने फिशटँक आणला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. आत हिरवीगार झाडं लावली आणि चार सिल्व्हर डॉलर सोडले. तेव्हा ते खरोखर नाण्याएवढे होते. सहा महिन्यांपूर्वी तो शिकायला बाहेर गेला आणि टाकी माझ्या गळ्यात पडली. आता झाडांचे नुसते दांडे उरलेत आणि मासे माझ्या तळहाताएवढे झालेत. सकाळी टाकीचा दिवा लावला की धाडकन काचेवर आपटतात. एकाचं नाक सोललंय. मागच्या महिन्यात एक मासा सकाळी जमिनीवर मरून पडलेला दिसला. उरलेल्या तिघांपैकी एक थोराड मासा सगळ्यात धाकट्याच्या सतत मागे लागतो. विकणाऱ्याने सांगितलं होतं की हे पिरान्हाचे भाऊबंद आहेत, म्हणून मुलगा त्यांना सुकवलेल्या लाल अळ्या आणि कोळंबी घालायचा. मीही तेच घालते. मैत्रीण म्हणते, छळणारा मासा देऊन टाक, बाकीचे दोघे सुखाने राहतील. देऊ का? मुलगा फोनवर म्हणतो, 'आई, ते तसेच असतात.' खरं सांगायचं तर आधी या कामाचा राग यायचा, आता संध्याकाळी त्यांच्यासमोर जरा वेळ बसल्याशिवाय करमत नाही. आणखी एक : पुढच्या महिन्यात पाच दिवस बाहेर जायचंय, तेव्हा यांच्या खाण्याचं काय करू?
– तीन डॉलरची मालकीण"

प्रिय मालकीणबाई,

मैत्रिणीचा सल्ला तूर्त बाजूला ठेवा. तो थोराड मासा देऊन टाकलात तर पुढे काय होईल हे मला आजच सांगता येतं. चार-आठ दिवस शांतता राहील आणि मग उरलेल्या दोघांतला मोठा धाकट्याच्या मागे लागेल. आज धाकट्याला निदान एवढा तरी दिलासा आहे की दादागिरी करणाऱ्याचं लक्ष कधीतरी तिसऱ्याकडे वळतं. दोघंच उरले की तोही गेला.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतोय. माझे पहिले सिल्व्हर डॉलर मी दोनच आणले होते, 'जोडी' म्हणून. जोडी वगैरे काही नव्हती, पण दोन मासे म्हटले की आपल्याला लगेच संसार दिसायला लागतो. त्यातला एक कायम फिल्टरच्या नळीमागे उभा असायचा. मी त्याचं नाव 'लाजाळू' ठेवलं आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचो. एका रात्री झाकणातून वायर आत घ्यायला ठेवलेल्या फटीतून लाजाळूने उडी मारली. फट चार बोटांची. एवढ्या फटीतून मासा जाईल असं मला कधी वाटलं नव्हतं, पण हा मासा समोरून बघा, जेमतेम बोटभर जाड असतो. उरलेल्याने आठ दिवस खाण्याला तोंड लावलं नाही. लाजाळू लाजत नव्हता, जीव मुठीत धरून उभा होता, हे मला तेव्हा कळलं.

तुमच्या पत्रातल्या चार तक्रारी, म्हणजे काचेवर आपटणं, टाकीबाहेर उडी, पाठलाग आणि मुलाचं ते 'तसेच असतात', या मला चार वेगळ्या वाटत नाहीत. तुमचे मासे घाबरलेले आहेत, आणि त्यांचं घाबरणं रास्त आहे.

त्यांच्या मूळ घरी चला म्हणजे सांगतो. सिल्व्हर डॉलर हे एकाच माशाचं नाव नाही. दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन, ओरिनोको अशा नद्यांच्या खोऱ्यांत राहणाऱ्या, एकमेकांसारख्या दिसणाऱ्या अनेक जातींना मिळून हे नाव पडलंय. टाक्यांमध्ये जास्त करून दिसतात ते मेटिनिस या प्रजातीतले, मेटिनिस अर्जेंटियस किंवा मेटिनिस हिप्सॉचेन. तुमच्याकडे यातला नेमका कोणता, हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नाही, सगळ्यांची निगा जवळपास सारखीच. हे मासे थव्याने राहतात. त्यांची चांदी म्हणजे कातडीतल्या ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या स्फटिकांचा थर, म्हणजे एक प्रकारचा आरसाच. वीस-पंचवीस आरसे एकदम वळले की झडप घालायला आलेल्या शिकाऱ्याला कुणा एकावर नजर ठरवता येत नाही. थवा हेच त्यांचं चिलखत. थवा मोडला की तोच आरसा दुरून चमकतो आणि वैऱ्याला पत्ता सांगतो. तुमचे तिघे दिवसरात्र याच अवस्थेत आहेत. घरात त्यांना कुणी खाणार नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना नाही.

आता दिव्याचं बघू. माशांना पापण्या नसतात. अंधाऱ्या खोलीत कुणी तोंडावर टॉर्च मारला तर आपण निदान डोळे मिटून घेतो, त्यांना तेवढीही सोय नाही. काळोखातून लख्ख उजेडाला डोळे सरावायला त्यांना बराच वेळ लागतो. तोवर त्यांना एकच सुचतं, पळायचं. दोन फुटांच्या टाकीत पळायचं म्हणजे पहिल्याच झेपेत काच. तेव्हा उद्या सकाळपासून आधी खिडकीचा पडदा उघडा किंवा खोलीतला दिवा लावा आणि टाकीचा दिवा पंधरावीस मिनिटांनी लावा. रात्री उलट क्रम : आधी टाकीचा दिवा बंद, खोलीचा नंतर. एवढ्याने निम्मं आपटणं थांबतं, आणि खर्च शून्य. टाकीचा दिवा फार प्रखर असेल तर मंद करा. झाडं उरलेलीच नाहीत, मग एवढा उजेड कुणासाठी?

टाकीच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून गडद कागद लावा. काळा किंवा गर्द निळा चालेल. फक्त समोरची बाजू उघडी ठेवा. चारही बाजूंनी माणसांची ये-जा दिसत असेल तर मासा कुठल्या बाजूला पाठ करणार? टाकी दाराशेजारी असेल किंवा ज्या ओट्यावर काही यंत्र घरघरतं त्याच ओट्यावर असेल, तर तेही मनात नोंदवून ठेवा. माशाच्या अंगाच्या दोन्ही कुशींवरून एक संवेदनशील रेषा गेलेली असते आणि पाण्यातली बारीकशी थरथरही तिला कळते. दार आपटलं की तुम्ही दचकत नाही, ते दचकतात. काचेवर टकटक करणाऱ्या पाहुण्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी स्पष्टच सांगतो.

झाकण आजच तपासा. गेलेला मासा कुठून गेला ते शोधा. नळी, वायर, खाणं टाकायची खिडकी, सगळ्या फटी जाळीने किंवा स्पंजच्या तुकड्याने बंद करा, हवा खेळेल एवढी सोय ठेवून. पाण्याची पातळी काठापासून तीन-चार बोटं खाली ठेवा. आणि झाकणाला वजन हवं. धडक मारून हलकं झाकण उचलणारे सिल्व्हर डॉलर मी पाहिलेत.

सोललेल्या नाकावर औषध ओतू नका. स्वच्छ पाण्यात अशी जखम बहुतेक वेळा आपली आपण भरते. औषधांचा मारा केला की फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात आणि पाणी बिघडतं, म्हणजे मलम लावताना घराला आग. जखमेवर कापसासारखी पांढरी बुरशी दिसली, किंवा लाली पसरत चालली, तरच उपचाराकडे वळा. तेसुद्धा त्या माशाला वेगळ्या भांड्यात ठेवून.

हे झाले तात्पुरते उपाय. खरा उपाय तुम्हाला आवडेलच असं नाही.

सिल्व्हर डॉलर नाण्यावरून ओळखला जातो आणि नाण्याएवढा असतानाच विकला जातो, गोची तिथेच आहे. ज्या अमेरिकी नाण्यावरून नाव पडलं त्याचा व्यास सुमारे 38 मिलिमीटर. पूर्ण वाढलेला मासा साधारण 15 सेंटिमीटरचा, म्हणजे नाण्याच्या चौपट. उंचीलाही जवळजवळ तेवढाच, म्हणून तो हातात धरण्याजोगी बशी वाटतो. तुमची टाकी काठोकाठ भरली तर 70 लिटर. वाळू, फिल्टर आणि वर सोडलेली जागा वजा जाता साठच्या आत. तिची लांबी 60 सेंटिमीटर, म्हणजे पुरत्या वाढलेल्या माशाची चार अंगं. तुम्हाला आयुष्यभर चार पावलांच्या खोलीत येरझारा घालायला लावल्या, वर एक तापट भाऊ सोबतीला दिला, तर तुम्हीही भिंतीवर डोकं आपटाल.

पाच-सहा माशांसाठी मी कमीत कमी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी सांगेन. ती काठोकाठ साधारण 340 लिटरची होते. सहा फूट लांबीची जमली तर फारच उत्तम, कारण हा मासा आडवा धावणारा आहे. त्याला उंचीपेक्षा लांबी जास्त कामाला येते. टाकी बसवण्याआधी वजनाचा विचार करा : 340 लिटर पाणी म्हणजेच 340 किलो, त्यात काच, वाळू, दगड, स्टँड. बेरीज चारशेच्या बरीच वर जाते. साध्या टेबलावर हे पेलणार नाही. स्टँड मजबूत हवा, चारही पाय समपातळीत हवेत, आणि जमिनीबद्दल शंका असेल तर आधी जाणकाराला विचारा. टाकी भरून झाल्यावर ती जराशी सरकवता येईल अशा भ्रमात राहू नका.

फिल्टर मोठा हवा. पानं खाणारा मासा भरपूर खातो आणि तितकीच घाणही करतो. टाकीतलं पाणी तासाला पाच-सहा वेळा फिरवेल असा फिल्टर घ्या. आता महत्त्वाचा भाग, कारण नवी टाकी आणून उत्साहाने मासे मारणारे लोक मी बरेच पाहिलेत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विषच, तिसरा बराच सौम्य. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात, ते फिल्टरच्या स्पंजावर आणि वाळूवर वस्ती करतात. नव्या टाकीत ही वस्ती नसते आणि ती बसायला काही आठवडे लागतात. तुमच्याकडे मात्र दीड वर्षं मुरलेला फिल्टर आहे आणि तो सोन्याच्या मोलाचा आहे. जुना फिल्टर तसाच उचलून नव्या टाकीत नव्या फिल्टरच्या शेजारी चालू ठेवा. त्याचा स्पंज नळाखाली धुऊ नका, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारतं. धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा. पहिला महिनाभर एक दिवसाआड टेस्ट किटने पाणी तपासा : अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला हवेत, नायट्रेट लिटरमागे 20 मिलिग्रॅमच्या आसपास, फार तर 40. पुढे दर आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं हवं आणि टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट हवं. तापमान 24 ते 28 अंश. पाणी थोडं मऊ, किंचित आम्ल असलं तर यांना आवडतं, पण पीएच नेमका आणण्यासाठी रसायनं ओतत बसू नका. रोज बदलणाऱ्या आदर्श पीएचपेक्षा स्थिर राहणारा साधा पीएच बरा.

मासे हलवताना जाळी वापरायचा मोह आवरा. यांच्या पाठीवरच्या पराच्या पुढे एक बारीक काटा असतो आणि पोटाच्या कडेला करवतीसारखे दाते असतात. जाळीत ते अडकतात, मासा झटापट करतो, खवले निघतात. दिवे मंद करा, टाकीतलं पाणी निम्म्यावर आणा आणि प्लॅस्टिकच्या मोठ्या डब्यात मासा पाण्यासकट हळूच वळवून घ्या. डब्यावर लगेच झाकण. दोघं जण असाल तर सोपं जाईल. मुलाच्या सुट्टीत हे काम काढा. टाकी त्यानेच आणली होती ना?

तीन मासे नव्या घरी रुळले, पाण्याचे आकडे दोन-तीन आठवडे ठीक राहिले, की मग आणखी तीन आणा. आधी नाही. दोन फुटांच्या टाकीत संख्या वाढवून पाठलाग थांबवू पाहणं म्हणजे गर्दीच्या डब्यात आणखी माणसं कोंबून भांडण मिटवायला जाणं. तुमची रिकामी झालेली जुनी टाकी इथे कामाला येते. तिच्यात मुरलेल्या स्पंजाचा एक तुकडा आणि हीटर ठेवून नव्या पाहुण्यांना तीन-चार आठवडे वेगळं राहू द्या. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले तर ते तिथेच कळतील आणि तुमच्या जुन्या तिघांना रोग लागणार नाही. बारीक काळे ठिपके दिसले तर एवढं घाबरायचं कारण नाही. ते अनेकदा नदीतून पकडलेल्या माशांत असतात, एका कृमीच्या अळीमुळे येतात. त्या कृमीला वाढायला गोगलगाय आणि पक्षी असे वेगळे यजमान लागतात, त्यामुळे टाकीत ते एकाकडून दुसऱ्याकडे जात नाहीत.

नवे मासे आकाराने तुमच्या माशांच्या जवळपासचे घ्या. आणि गळा-छाती लालभडक असलेलं पिल्लू कुणी 'लाल सिल्व्हर डॉलर' म्हणून दाखवलं, तर हात मागे घ्या. ते बहुधा पाकूचं पिल्लू असतं. पाकू दोन-अडीच फुटांपर्यंत वाढतो. मग तुमचं पुढचं पत्र मला हौदाबद्दल येईल.

पाठलाग सहाजणांत पूर्ण थांबेल का? नाही. माशांतही मानपान असतो. पण पाठलाग वाटला जातो. मार खाणारा दरवेळी तोच नसतो आणि पळायला चार फूट मिळतात. तुमच्या थोराड माशाचा पोटामागचा पर नीट बघा. त्याची पुढची कड लांबट आणि लालसर असेल तर तो नर, आणि मग त्याच्या दादागिरीत थोडा वयाचाही भाग आहे. टाकीत एक उंच, फांद्यांचं ड्रिफ्टवूड मधोमध उभं करा. लपायला म्हणून नव्हे, हे मासे गुहेत शिरत नाहीत. नजर तुटावी म्हणून. पळणारा लाकडाआड गेला की मागे लागलेल्याचा जोर ओसरतो.

आता खाणं. विकणाऱ्याने सांगितलं ते खोटं नव्हतं. सिल्व्हर डॉलर, पाकू आणि पिरान्हा तिघेही सेरासाल्मिडी या एकाच कुळातले. पण एका आडनावाच्या दोन घरांत एकीकडे मांसाहार आणि दुसरीकडे शाकाहार असू शकतो, तसंच हे. सिल्व्हर डॉलरचे दात पानं, बिया, कोवळे कोंब तोडायला बनलेत. नदीला पूर येऊन जंगलात पाणी शिरतं तेव्हा झाडांवरून पडणारी फळं, बिया, पानं ही त्यांच्याकडच्या अनेक जातींची मेजवानी. त्यांना रोज अळ्या आणि कोळंबी घालणं म्हणजे गाईला अंडी भरवणं. खाईल, कारण समोर दुसरं काही नाही. मात्र नुसत्या प्रथिनांचा मारा पोटाला सोसत नाही आणि पाणी झपाट्याने घाण होतं. म्हणजे मुलाच्या झाडांचा फडशा पाडण्यात तुमच्या कोळंबीचाही थोडा हात आहे. थोडाच. पोट भरलेलं असतं तरी झाडं त्यांनी सोडली नसतीच.

रोजचं खाणं म्हणून स्पिरुलिना (एक निळं-हिरवं शेवाळ) असलेले पेलेट किंवा फ्लेक्स घ्या, दोन-तीन मिनिटांत संपतील एवढेच, दिवसातून दोनदा. त्यासोबत पालेभाजी. पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून लगेच गार पाण्यात टाका. पान मऊ पडतं आणि बुडतं. काकडीच्या चकत्या, झुकिनी, सालं काढलेले वाफवलेले मटार, हिरवं लेट्यूस हेही चालतं. बर्फासारखं पांढरट, कुरकुरीत लेट्यूस असतं ते नको, त्यात पाण्याशिवाय काही नाही. सगळं नीट धुऊन घ्या. फवारणीच्या औषधाचा अंश आपल्याला फारसा बाधणार नाही, त्यांना बाधेल. पानाची जुडी क्लिपने काचेला लावा किंवा दगडाला बांधून खाली सोडा आणि मग समोर बसून बघा. पहिल्या दिवशी ते कदाचित जुडीकडे फिरकणारही नाहीत, भूत बघावं तसे कोपऱ्यातून बघत राहतील. चिकाटी ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकजण येऊन कडेचा टवका तोडेल, बाकीचे धावतील, आणि मग रोज संध्याकाळी त्याच कोपऱ्यात तुमची वाट बघत उभे राहतील. तुम्हाला आत्ताच करमत नाही म्हणता, तेव्हा तर उठवणारच नाही. उरलेली पानं मात्र काही तासांनी काढून टाका. कोळंबी-अळ्या आठवड्यातून एकदा, चवीपुरत्या. तेवढ्या त्यांनाही हव्या असतात.

झाडांचा मोह सोडा. ॲन्युबियस किंवा जावा फर्नची जाड पानं काही टाक्यांत टिकतात, त्यांचीही कोवळी पालवी वाचेलच असं नाही. प्लॅस्टिकची झाडंही हे कुरतडून बघतात, त्यामुळे मऊ, तुटणारं प्लॅस्टिक नको. लाकूड, गोल दगड, गडद रंगाची वाळू एवढ्यावर टाकी सुंदर दिसते, आणि गडद तळावर मासेही निवांत असतात. हीटर काचेचा असेल तर त्याला जाळीचं कवच घाला. घाबरून धावताना धडकले तर तो फुटू शकतो. हिरवळ हवीच असेल तर नव्या माशांचा विलगीकरणाचा काळ संपला की जुन्या टाकीत झाडं लावा. वरच्या टोकांची छाटणी मोठ्या टाकीतल्या मंडळींना घाला. स्वतःची भाजी स्वतःच्या वाफ्यातली.

सोबतीला दुसरे मासे? घाई नको. पुढेमागे वाटलंच तर सेव्हरम, जिओफॅगस, तळाला एखादा प्लेको असे मोठे, शांत प्रकृतीचे चालतात. नियॉन टेट्रासारखे बारीक मासे त्यांच्यात घालू नका. लांब झुपकेदार परांचे मासेही नकोत, ते पर कुरतडले जातात.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, चार फुटांची टाकी, चारशे किलो वजन, हे मला जमणार नाही. तर तसं स्पष्ट म्हणा, त्यात कमीपणा नाही. आणखी एक गोष्ट हिशेबात धरा : सिल्व्हर डॉलर नीट ठेवला तर दहा वर्षं, कधी त्याहून जास्तही जगतो. तुमचे मासे जेमतेम दीड-दोन वर्षांचे असतील. मुलाचं शिक्षण संपेल, नोकरी लागेल, तो कदाचित आणखी लांब जाईल. मासे तुमच्याकडेच राहणार. म्हणून ही चर्चा त्याच्याशी फोनवर नव्हे, समोर बसवून करा, आणि 'आई, ते तसेच असतात' हे उत्तर घेऊ नका. ते तसे नसतात. सहाचा थवा सहा फुटांत वळताना त्याने एकदा बघायला हवा.

द्यायचेच ठरलं तर तिघांनाही एकत्र द्या, ज्याच्याकडे आधीपासून सिल्व्हर डॉलरचा थवा आणि मोठी टाकी आहे अशा हौशी माणसाकडे. टाकी स्वतः जाऊन पाहून या. कुठल्याही तळ्यात किंवा नदीत सोडू नका, कितीही दया आली तरी. तिथले नसलेले मासे आणि त्यांचे रोग तिथल्या माशांच्या मुळावर येतात. आणि रिकाम्या दोन फुटांच्या टाकीला लहान टेट्रांचा एक थवा आणि मुलाने लावली होती तशी झाडं शोभून दिसतील. ती टाकी मुळात त्यांच्यासाठीच होती.

मला विचाराल तर तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळी वाचून वाटतं की तुम्ही देणार नाही. पण एक मधला मार्ग मनात येईल, तेवढा टाळा : 'सध्या तीन फुटांची घेते, पुढे बघू.' तीन फुटांच्या टाकीत मासे वर्षभर बरे दिसतात आणि पुढे कुणी बघत नाही. त्यापेक्षा सहा महिने थांबा, दिव्याचं आणि झाकणाचं पथ्य पाळा, पालक सुरू करा, आठवड्यातून दोनदा पाणी बदला, आणि मग एकदाच मोठी टाकी घ्या.

राहिला पाच दिवसांचा प्रवास. काहीही करू नका. धडधाकट, वाढलेला मासा पाच-सात दिवस उपाशी सहज राहतो. निघायच्या आदल्या दिवशी पाणी बदला, फिल्टर-हीटर नीट चालू आहेत ना बघा, दिव्याला टायमर लावा. कुणाला घराची किल्ली देणार असाल तर खाण्याचा डबा कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावून जा. शेजारी प्रेमळ असतात, 'बिचारे भुकेले दिसले' म्हणून अर्धा डबा ओततात.